कागदाच्या नळीपासून सुरुवात: वंचित वस्त्यांतल्या किशोरांसाठी वैद्यक-विज्ञानाचा वर्ग कसा उभा करावा

पहिल्या दिवशी मी फळ्यावर काहीच लिहीत नाही. दोघादोघांच्या जोड्या करते, प्रत्येक जोडीला एक जाडसर कागद देते आणि त्याची वीतभर लांबीची नळी करायला सांगते. एकाने ती नळी दुसऱ्याच्या छातीवर, मधोमधच्या किंचित डावीकडे, कपड्यावरूनच टेकवायची आणि दुसऱ्या टोकाला कान लावायचा. अर्ध्या मिनिटात खोलीतला गलका थांबतो. एकदा चौदा वर्षांची एक मुलगी नळीला कान लावून इतका वेळ बसली की मैत्रीण वैतागली. "अगं, झालं का?" "थांब ना," ती म्हणाली, "दोन आवाज येतायत." एका ठोक्यात दोन आवाज असतात हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. ते हृदयाच्या झडपा मिटतानाचे आवाज. आधी तिने ते ऐकले, आणि 'झडप' हा शब्द त्यांच्या मागून आला.

शहरातल्या ज्या वस्त्यांत शाळेची प्रयोगशाळा बहुधा कुलपात असते, घरात कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नसतं आणि दवाखान्याची ओळख फक्त आजारपणात होते, तिथल्या १२ ते १७ वयाच्या मुलांसाठी असा वर्ग सुरू करायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. तुम्ही वैद्यकीय विद्यार्थी असाल, परिचारिका, शिक्षक किंवा माझ्यासारखे प्रयोगशाळेत काम करणारे असाल. एकच गोष्ट मनापासून सांगायची आहे: या मुलांना मोठी स्वप्नं दाखवणारे पाहुणे पुष्कळ भेटतात. त्यांना हवं असतं हातात एखादं मोजमाप आणि पुढच्या आठवड्यात नक्की परत येणारा माणूस.

सुरू करण्याआधीचे तीन आठवडे

साहित्याची यादी करण्याआधी वस्तीत जा आणि ऐका. या वयाची बरीच मुलं धाकट्या भावंडांना सांभाळतात, पाणी भरतात, कुणी कुठे हाताखाली काम करतं. तुम्हाला सोयीची वाटणारी वेळ नेमकी त्यांच्या कामाची असू शकते. मुलींना किती वाजता घरी पोचावं लागतं, वर्गाची जागा त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर आहे का, तिथे वापरण्यासारखं स्वच्छतागृह आहे का, हे आधी विचारा. मुली वर्ग सोडतात तेव्हा पुष्कळदा कारण यातच कुठेतरी सापडतं, विज्ञानाच्या आवडीनिवडीशी त्याचा संबंध नसतो.

तिथे आधीपासून अभ्यासिका, वाचनालय किंवा एखादा गट काम करत असेल तर नवी पाटी लावू नका. त्यांच्याकडे आठवड्यातले दोन तास मागा. मुलांचा विश्वास त्या ताईंनी किंवा दादांनी कित्येक वर्षांत कमावलेला असतो. तो तुम्हाला उसना मिळतो, म्हणून जपून वापरा.

गट पंधरा मुलांचा ठेवा, त्यापेक्षा मोठा नको. सोबत मोठी माणसं किमान तीन. एक शिकवणारं, एक मुलांमध्ये फिरणारं आणि एक दाराशी, वेळेवर न आलेल्यांची चौकशी करणारं. सत्र दीड तासाचं, ठरलेला वार आणि ठरलेली वेळ. पहिल्या फेरीत बारा सत्रं पुरेत. शाळेनंतर येणाऱ्या मुलांच्या पोटात सकाळपासून काही नसण्याची शक्यता धरून चाला. आधी थोडं खाणं, मग वर्ग. भुकेल्या मुलाचं लक्ष लागत नाही, त्यात त्याचा काही दोष नाही.

निवड हा नाजूक भाग आहे. शाळा तुम्हाला पहिल्या दहा नंबरांची यादी देईल. ती नम्रपणे बाजूला ठेवा. वर्गात नंबर काढणाऱ्या मुलाला कुणी ना कुणी हात देतंच. मी नाव नोंदवताना एकच प्रश्न विचारते: शरीराबद्दल तुला पडलेला, पण कुणाला विचारता न आलेला एखादा प्रश्न लिही. गुण पाहत नाही. चिठ्ठ्यांमधून तुम्हाला बारा सत्रांचा अभ्यासक्रमही मिळतो. रडल्यावर नाक का वाहतं, आजी मीठ कमी का खाते, मला फळा धूसर का दिसतो. या तिसऱ्या प्रश्नाकडे पुढे येऊच.

परवानगी आणि सुरक्षितता

हे कंटाळवाणं वाटलं तरी यात तडजोड नको. पालकांची लेखी परवानगी घ्या, आणि मुलाची स्वतःची संमतीही घ्या. पालकांना वाचता येत नसेल तर अर्ज वाचून दाखवा, समजावून सांगा, मगच सही किंवा अंगठा. कुठलंही मोठं माणूस कुठल्याही मुलासोबत बंद खोलीत एकटं राहणार नाही, हा नियम सगळ्यांसाठी, माझ्यासाठीसुद्धा. फोटो काढायचे तर वेगळी परवानगी घ्या. मुलांच्या गरिबीचे फोटो तर काढूच नका.

खरं रक्त वापरायचं नाही. मुलांनी एकमेकांची बोटं टोचून रक्तगट पाहायचे नाहीत, कितीही आग्रह झाला तरी. हातावरचे जंतू बशीत वाढवून उघडून पाहणं हा प्रयोगही योग्य सोयीची प्रयोगशाळा आणि जाणकार देखरेख नसेल तर टाळा. बशीत काय वाढलं आहे हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा, डबक्यातलं पाणी, पाकोळीचं पंख एवढं भरपूर आहे. सूक्ष्मदर्शक नसेल तर कागदाची घडी घालून बनवलेला फोल्डस्कोप पाहा. शास्त्रज्ञ मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात तो तयार केला आणि २०१४ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. तो १४० पटींच्या आसपास मोठं करून दाखवतो आणि खिशात मावतो. मुलांना तो घरी न्यायला मिळतो, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. लेव्हेनहुक हा सतराव्या शतकातला कापड व्यापारी होता, विद्यापीठात न शिकलेला. त्याने स्वतः घासलेल्या भिंगातून सूक्ष्म जीव पहिल्यांदा पाहिले, ही गोष्ट तेव्हा सांगा. मुलं डबक्यातलं पाणी गोळा करायला पळतात.

अंगाला हात लावायची वेळ येईल तिथे विचारूनच लावायचा, आणि 'नको' म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही. इथे कागदाच्या नळीची गोष्ट उपयोगी पडते. १८१६ मध्ये पॅरिसमध्ये रेने लेनेक या डॉक्टरांकडे हृदयाचा त्रास असलेली एक तरुण बाई आली. त्या काळी छातीला थेट कान लावत. त्यांना संकोच वाटला. त्यांनी कागदाची गुंडाळी करून ती छातीवर टेकवली, आणि आवाज थेट कान लावून येतो त्याहून स्पष्ट आला. स्टेथोस्कोपचा जन्म असा संकोचातून झाला. किशोरवयातल्या मुलांना हे सांगितलं की ती हसतात, आणि मग समजूतदारपणे वागतात.

पहिलं सत्र, मिनिटामिनिटाने

पहिली वीस मिनिटं नळीची. मग नाडी. अंगठ्याच्या खाली, मनगटाच्या कडेला, तर्जनी आणि मधल्या बोटाने हलकं दाबायचं. स्वतःच्या अंगठ्याने दुसऱ्याची नाडी पाहायची नाही, कारण अंगठ्यात स्वतःचीच नाडी लागू शकते. आधी पूर्ण एक मिनिट मोजायला लावा. आकडे फळ्यावर लिहा, नावं न लिहिता.

आता थोडं थांबा, कारण खरं विज्ञान इथे सुरू होतं. एका सत्रात एकाच मुलीची नाडी दोघांनी मोजली. एकाला ७४ आली, दुसऱ्याला ९२. दोघंही आपापल्या आकड्यावर अडून बसले. बरोबर कोण, हे मी सांगितलं नाही. "कसं ठरवायचं?" एवढंच विचारलं. मुलांनी पुन्हा मोजायचं ठरवलं. दोन्ही आकडे जवळजवळ आले. मग एकाच्या लक्षात आलं, की ९२ वाल्याने मोजलं तेव्हा ती जिना चढून नुकतीच आली होती. म्हणजे आकडा बरोबर होता, परिस्थिती वेगळी होती. त्या दिवशी त्या मुलांना जे समजलं ते मी तासभर बोलून समजावू शकले नसते.

पुढचा प्रश्न: पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर चालेल का? करून पाहू दे. पंधरा सेकंदांत एक ठोका चुकला की मिनिटाच्या आकड्यात चारची चूक होते. हे गुणाकाराने मुलांना स्वतःच सापडतं. गणितात मागे पडलेली मुलं इथे पुढे येताना मी पाहिली आहेत, कारण हा आकडा त्यांच्या स्वतःच्या अंगातला असतो.

शेवटची पंधरा मिनिटं विल्यम हार्वी या इंग्लिश डॉक्टरांसाठी ठेवा. त्यांच्या आधी शेकडो वर्षं असं मानत की रक्त यकृतात अन्नापासून सतत नवं तयार होतं आणि शरीरात वापरून संपतं. हार्वी यांनी १६२८ मध्ये जे प्रसिद्ध केलं त्यात एक साधा हिशेब होता: एका ठोक्याला थोडं रक्त बाहेर पडतं, त्याला ठोक्यांनी गुणा. मुलांना आजचे आकडे द्या. मोठ्या माणसाचं हृदय एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त ढकलतं आणि मिनिटाला सुमारे ७० ठोके पडतात. ७० गुणिले ७० म्हणजे ४,९००. जवळजवळ पाच लिटर, दर मिनिटाला. आणि शरीरात एकूण रक्त तेवढंच असतं. एवढं रक्त दर मिनिटाला नवं कुठून येणार? ते फिरत असलं पाहिजे. हा निष्कर्ष मुलांच्या तोंडून येऊ द्या. बहुतेक वेळा येतो. नाहीच आला तर पुढच्या आठवड्यापर्यंत प्रश्न तसाच ठेवा, तो त्यांच्याबरोबर घरी जातो.

प्रश्न विचारल्यावर गप्प बसा

नव्या स्वयंसेवकांना सगळ्यात अवघड जातं ते हे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतली संभाषणं ध्वनिमुद्रित करून मोजली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत होते. तोच अवकाश तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरं लांब झाली, आपणहून बोलणारी मुलं वाढली, आणि एरवी गप्प बसणारीही बोलू लागली. तीन सेकंद हे कागदावर काहीच नाहीत. वर्गासमोर उभं राहिलं की ते फार लांब वाटतात. मी मनात मोजते.

भाषेचंही असंच. आधी मुलांचा शब्द घ्या. 'शीर' म्हणू दे, 'नस' म्हणू दे. दोन प्रकारच्या नळ्या आहेत, एक हृदयाकडून नेणारी आणि एक परत आणणारी, हे कळल्यावर धमनी आणि नीला हे शब्द द्या, आणि पुढच्या शिक्षणात लागतील म्हणून आर्टरी आणि व्हेनही द्या. वहीच्या मागच्या पानांवर प्रत्येकाने आपला शब्दकोश ठेवावा. परक्या भाषेतला शब्द येत नाही म्हणून आपल्याला विज्ञान येत नाही, असं मानणारी मुलं तुम्हाला प्रत्येक गटात भेटतील. हा गैरसमज पहिल्या महिन्यात गेला पाहिजे.

पुढची सत्रं: काय घ्यावं

सगळं घेता येत नाही. माझ्या अनुभवात टिकलेली काही सांगते.

हात धुणं. त्यावर उपदेश करू नका. त्याऐवजी फळ्यावर व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहातले १८४७ चे आकडे लिहा. एप्रिल: ३१२ बाळंतपणं, ५७ मातांचे मृत्यू. जून: २६८ आणि ६. जुलै: २५० आणि ३. मुलांना टक्के काढायला लावा: एप्रिलमध्ये १८ च्या वर, जुलैमध्ये १.२. मग विचारा, मे महिन्यात काय घडलं असेल? नवं औषध आलं असेल, डॉक्टर बदलले असतील, हवा बदलली असेल, असे अंदाज येतात. सगळे लिहून घ्या. शेवटी सांगा: इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांनी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींकडे जाणाऱ्यांना क्लोरिनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. जंतू रोग पसरवतात हे तेव्हा सिद्ध झालेलं नव्हतं, त्यांनाही ते माहीत नव्हतं. त्यांच्याकडे फक्त आकडे होते. आणि बहुतेक डॉक्टरांनी त्यांचं ऐकलं नाही. "का नाही ऐकलं?" हा प्रश्न मुलं दरवेळी विचारतात, आणि त्यावरची चर्चा दरवेळी वेगळी होते. त्यानंतर हाताला थोडं तेल आणि बारीक चमकी लावून नुसत्या पाण्याने आणि मग साबणाने धुवायला द्या. नखांच्या कडेला आणि अंगठ्याच्या मागे काय राहतं ते दिसतं.

मीठ-साखरेचं पाणी. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. सगळं मर्म 'सपाट' या शब्दात आहे. प्रत्येकाने घरून आणलेल्या चमच्याने मीठ मोजावं आणि ते काट्यावर तोलावं. चमच्याचमच्यात केवढा फरक पडतो ते पाहून मुलं चकित होतात. मीठ जास्त झालं तर धोका, म्हणून तयार पुडी मिळत असेल तर तीच वापरायची, हेही सांगा. नुसतं पाणी का पुरत नाही? आतड्याच्या भिंतीत मिठातलं सोडियम आणि साखरेतलं ग्लुकोज एकत्र आत ओढले जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. रॉबर्ट क्रेन या जीवरसायनशास्त्रज्ञांनी १९६० मध्ये ही कल्पना मांडली. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या छावणीत पटकीची (कॉलऱ्याची) साथ आली, शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्याच हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. पेशीच्या भिंतीतली एक गोष्ट आणि एका छावणीतली माणसं यांच्यातला हा धागा मुलांना दिसला, की रसायनशास्त्र कशासाठी शिकायचं हे पुन्हा सांगावं लागत नाही.

छातीवर दाब देऊन प्राण वाचवणं, म्हणजे सीपीआर. हे प्रशिक्षित माणसाकडूनच शिकवून घ्या आणि सरावाचा पुतळा उसना आणा. मोठ्या माणसासाठी मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, ३० दाबांमागे २ श्वास. आणि सगळ्यात आधी मदत बोलवायची. बारकुड्या मुलांना दोन मिनिटांत घाम फुटतो. तेव्हाच सांगा की दर दोन मिनिटांनी माणूस का बदलतात.

नकाशाचं सत्र बाहेर घ्या. लंडनच्या सोहो भागात १८५४ मध्ये पटकी पसरली तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू कुठे कुठे झाले ते नकाशावर मांडले, आणि ते एका सार्वजनिक पंपाभोवती दाटलेले दिसले. जवळच्याच बिअरच्या कारखान्यातले कामगार मात्र वाचले होते, कारण ते त्या पंपाचं पाणी पीत नव्हते. जे आजारी पडले नाहीत त्यांच्याकडेही पाहायचं असतं, ही गोष्ट इथे कळते. मुलांनी आपल्या वस्तीचा नकाशा करावा: नळ, साचलेलं पाणी, कचऱ्याची जागा, बंद पडलेले दिवे. कुणाच्या घरात कोण आजारी आहे हे मात्र नकाशावर येता कामा नये. ती लोकांची खासगी बाब आहे, आणि वस्तीला तिची किंमत मोजावी लागू शकते.

मोठ्या मुलांसाठी एक सत्र विज्ञानातल्या अन्यायाचं ठेवा. बोटाला लावून ऑक्सिजन दाखवणारं यंत्र आता सगळ्यांना माहीत आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं की रक्तातला ऑक्सिजन धोकादायकरीत्या कमी असूनही यंत्राने तो ठीक दाखवला, असं कृष्णवर्णीय रुग्णांच्या बाबतीत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा घडलं. यंत्र त्वचेतून प्रकाश पाठवतं, आणि त्वचेचा रंगही प्रकाश शोषतो. मुलांना विचारा: यंत्र बनवताना आणि तपासताना खोलीत कोण नव्हतं? हा प्रश्न त्यांच्या मनात घर करतो, कारण कुठल्या खोलीत आपण नसतो हे त्यांना चांगलं ठाऊक असतं.

डोळ्यांचं सत्र, आणि एक पक्का नियम

फळा धूसर दिसणाऱ्या त्या मुलाकडे येते. डोळे तपासण्याचा अक्षरांचा तक्ता हेर्मान स्नेलन यांनी १८६२ मध्ये तयार केला. तक्ता ६ मीटरवर लावतात, आणि नीट दिसणाऱ्या डोळ्याने वाचायच्या ओळीतलं अक्षर जेमतेम ९ मिलिमीटर उंच असतं. अंतर आणि उंचीवरून कोनाचं गणित करता येतं, म्हणून हे सत्र गणिताचंही आहे. तो मुलगा उजव्या डोळ्याने तिसऱ्या ओळीला अडला. दोन वर्षं तो शेवटच्या बाकावर बसत होता आणि सगळे त्याला आळशी समजत होते. चष्मा लागल्यावर पहिल्यांदा वर्गात आला तो दारातच थांबला. समोरच्या झाडाला वेगवेगळी पानं असतात हे मला माहीतच नव्हतं, म्हणाला.

म्हणून नियम असा: पुढे पाठवायला जागा ठरलेली नसेल तर कसलीही तपासणी करू नका. कमी दिसतं, एवढं सांगून मुलाला तसंच सोडणं हे त्याला न सांगण्याहून वाईट. आधी नेत्रतज्ज्ञाशी बोला, चष्म्याची सोय कशी होईल ते ठरवा, पालकांना कळवायची चिठ्ठी तयार ठेवा, मगच तक्ता भिंतीवर लावा. तपासणी एकेकाची, बाजूला, दुसरं मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात ठेवून. निकाल मोठ्याने वाचायचा नाही. आणि हे निदान नव्हे, शंका आहे, हे चिठ्ठीत स्पष्ट लिहा.

याच सावधपणाने आणखी एक गोष्ट. असे वर्ग चालू झाले की मुलं जवळ येऊन हळूच काही सांगू लागतात. घरातली मारहाण, कुणाचं व्यसन, पाळीबद्दलची भीती, कधी त्याहून गंभीर. कुणाला कळवायचं, कायद्याने काय बंधनकारक आहे, समुपदेशक कोण, हे पहिल्या सत्राआधी लिहून ठेवलेलं असावं. 'कुणालाही सांगणार नाही' असं वचन मुलाला देऊ नका. 'तू सुरक्षित राहावंस म्हणून जेवढं लागेल तेवढंच, आणि तुला सांगून' हे वचन पाळता येतं.

डॉक्टर सोडूनही

बारा सत्रांत एकदा तरी कुणीतरी विचारतंच: डॉक्टर व्हायला किती वर्षं लागतात, किती पैसे लागतात? खरं उत्तर द्या. वाट लांब आहे, स्पर्धा कठीण आहे, घरून पाठबळ नसेल तर अधिकच. पण दवाखान्यात एक डॉक्टर उभा असतो तेव्हा त्याच्यामागे परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, क्ष-किरण तंत्रज्ञ, औषधनिर्माते, फिजिओथेरपिस्ट, यंत्रं दुरुस्त करणारे, नोंदी ठेवणारे, साथीचे आकडे पाहणारे असे कितीतरी असतात. त्यांना वर्गात बोलवा. भाषण नको. त्यांनी एक काम करून दाखवावं आणि मुलांनी ते करून पाहावं. वस्तीतूनच मोठं झालेलं कुणी मिळालं तर फार उत्तम. मुलं त्यांना विचारतात ते मला कधी विचारत नाहीत: फी कशी भरली, घरी काय म्हणाले, पहिल्या वर्षी नापास झालात का.

विव्हियन थॉमस यांची गोष्ट मी प्रत्येक गटाला सांगते. १९१० मध्ये जन्मलेला कृष्णवर्णीय अमेरिकन मुलगा, सुतारकाम शिकलेला, डॉक्टर होण्यासाठी पैसे साठवत होता. महामंदीत बँक बुडाली आणि पैसे गेले. १९३० मध्ये त्याने अल्फ्रेड ब्लॅलॉक या सर्जनच्या प्रयोगशाळेत मदतनिसाची नोकरी धरली. हुद्दा सफाई कामगाराचा, काम संशोधकाचं. जन्मजात हृदयदोषामुळे निळ्या पडणाऱ्या बाळांवरची शस्त्रक्रिया आधी त्याने प्राण्यांवर बसवली. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या रुग्णालयात ती पहिल्यांदा बाळावर झाली तेव्हा ब्लॅलॉक यांच्या मागे स्टुलावर उभं राहून थॉमस त्यांना टाका कसा घ्यायचा ते सांगत होते. विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली ती १९७६ मध्ये. ही गोष्ट 'जिद्द असेल तर सगळं होतं' अशा शिकवणीने संपवू नका. त्यांचं कॉलेज बुडालं हे नुकसानच होतं, आणि मानाला तीसेक वर्षं उशीर झाला हाही अन्यायच. मुलांना हे दोन्ही एकत्र पेलतं.

वर्गानंतरची वाट

बारा सत्रांनी गोडी लागते. प्रवेश मिळत नाही. त्यासाठी अधिक लांबची सोबत लागते, आणि जगात जिथे हे जमलं तिथे त्या कार्यक्रमांनी वेळ आणि आधार दोन्ही दिले. स्टॅनफर्डमध्ये १९८८ मध्ये कमी उत्पन्नाच्या घरांतल्या हायस्कूल विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी वैद्यक-विज्ञान कार्यक्रम सुरू झाला. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजने १९७३ मध्ये पुढे सोफी डेव्हिस या नावाने ओळखली गेलेली वैद्यक-शिक्षणाची संस्था काढली, ती शहरातल्या संधी न मिळालेल्या मुलांना थेट वैद्यकाच्या वाटेवर घेण्यासाठी. लंडनच्या किंग्ज कॉलेजने २००१ मध्ये पाचऐवजी सहा वर्षांचा विस्तारित अभ्यासक्रम सुरू केला. सुरुवातीची वर्षं सावकाश आणि जास्त मदतीसह, पण शेवटी पदवी तीच. पात्रता खाली आणली नाही, पोचायला वेळ दिला, हे तुमच्या छोट्या वर्गालाही लागू आहे.

तुमच्या हातात असतं ते बारीकसारीक काम: कुठली कागदपत्रं लागतात त्याची यादी एक वर्ष आधी करणं, शिष्यवृत्तीच्या तारखा भिंतीवर लावणं, अर्ज भरताना शेजारी बसणं, नावाचं स्पेलिंग सगळ्या दाखल्यांवर सारखं आहे का ते पाहणं. एका अक्षराच्या फरकापायी हातची संधी गेलेली मी पाहिली आहे. यावर एक अख्खं सत्र खर्च करा.

गळती

मुलं गळतात. त्याहून आधी स्वयंसेवक गळतात. चौथ्या-पाचव्या आठवड्यात परीक्षा येतात, ड्यूटी लागते, पाऊस येतो. मुलं काही बोलत नाहीत, पण दाराकडे पाहत असतात. म्हणून पेलेल तेवढंच कबूल करा. दर आठवड्याला जमणार नसेल तर पंधरा दिवसांनी एकदा म्हणा, पण तो दिवस चुकवू नका. यायला जमणार नसेल तर आधी निरोप द्या, आणि पुढच्या वेळी मुलांसमोर कारण सांगा.

एखादा मुलगा दोनदा आला नाही तर तिसऱ्यांदा कुणीतरी घरी जावं, हजेरीवही न नेता. नुसतं विचारावं, सगळं ठीक आहे ना. मी पहिल्या वर्षी हे केलं नाही. सात मुलं गेली आणि मी समजले की त्यांना कंटाळा आला. पुढच्या वर्षी घरी गेले तेव्हा कळलं की दोघं कामाला लागले होते, एकीला धाकट्या बहिणीला सांभाळायचं होतं. त्या मुलीला आम्ही म्हटलं, बहिणीला घेऊन ये. सहा वर्षांची ती चिमुरडी कोपऱ्यात बसून चित्रं काढायची आणि मधूनच नळी मागायची.

काय साधलं ते मोजायचं असेल तर हजेरी मोजा, आणि मुलांनी आपणहून विचारलेले प्रश्न मोजा. मी वहीच्या समासात रेघा ओढते. पहिल्या सत्रात तीन-चार, नवव्या-दहाव्यापर्यंत पान अपुरं पडतं.

शेवटचं सत्र मुलांचं असतं. आईवडील, शेजारी, शाळेतल्या बाई येतात, आणि मुलं एकेका टेबलामागे उभी राहतात: चमकीवाले हात, मिठाचा चमचा, फोल्डस्कोप, नकाशा. आम्ही मोठी माणसं मागे भिंतीला टेकून बसतो आणि कुणी आमच्याकडे वळलंच तर टेबलाकडे बोट दाखवतो. गेल्या खेपेला, दोन आवाज ऐकणाऱ्या त्या मुलीने आपल्या आईच्या हातात नळी दिली, स्वतःच्या छातीवर टेकवली, आणि म्हणाली, "आता बोलू नकोस. मोज."